महेश्वरची रेहवा सोसायटी: साडी, मजुरी आणि इंदूरचं मराठी गिऱ्हाईक

लग्नसराई जवळ आली की रामबागेपासून सुदामानगरपर्यंत इंदूरच्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो. माहेश्वरी साडी घ्यायचीच आहे, तर राजवाड्याजवळच्या दुकानातून घ्यावी की महेश्वरला जाऊन किल्ल्यातल्या रेहवा सोसायटीतून? आमचं मत आधीच सांगतो: एक दिवस मोकळा असेल तर महेश्वरला जा आणि रेहवाचं दुकान बघितल्याशिवाय दुसरीकडे पैसे देऊ नका. मात्र ‘गरीब बायकांना तेवढीच मदत’ या भावनेनं साडी घेऊ नका. कापड म्हणून पारखा, उजेडात धरा, पसंत पडलं तरच घ्या. विणणारीचा मान त्यातच आहे, आणि तिचं पुढचं काम टिकतं तेही त्यामुळेच. दयेपोटी घेतलेली साडी कपाटात जाते आणि गिऱ्हाईक परत येत नाही. आवडून घेतलेली साडी चार जणींच्या नजरेत भरते आणि त्या दुकानाचा पत्ता विचारतात.

रेहवा ही नफ्यासाठी चालणारी कंपनी नाही, हातमाग विणकरांसाठीची संस्था आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंदूरच्या राजघराण्यातले रिचर्ड होळकर (शिवाजीराव) आणि त्यांच्या तेव्हाच्या पत्नी सॅली होळकर यांनी ती उभी केली. महेश्वरचे हातमाग तेव्हा एकामागून एक बंद पडत होते. मल्हाररावांच्या निधनानंतर, म्हणजे १७६६ नंतर, अहिल्याबाईंनी राजधानी महेश्वरला नेली आणि सुरतेसारख्या ठिकाणांहून विणकर आणून वसवले, हा इतिहास आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतो. पुढचा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदूरला आली आणि विणकरांचं दारातलं गिऱ्हाईक गेलं. पाठोपाठ गिरणीचं कापड आलं, मग पॉवरलूम आला. पागोट्यांचं कापड आणि नऊवारी विणणाऱ्या गावात पोरं मजुरीसाठी बाहेर पडू लागली. रेहवाचं काम सुरू झालं ते अशा वेळी, आणि ते बायकांना हाताशी धरून सुरू झालं. आज काही जणी किल्ल्यातल्या जुन्या वास्तूतच मागावर बसतात. तिथे उभं राहून विणकाम बघता येतं.

बायकांना हाताशी धरलं म्हणजे नेमकं काय केलं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण संस्थेची खरी किंमत त्यात आहे.

विणकराच्या घरात बाई पहिल्यापासून राबतच होती. चरख्यावर कांड्या (सुताच्या नळ्या) भरणं, रेशमाच्या लडी उकलणं, नव्या ताण्याची (उभ्या धाग्यांची) तार जुन्या ताण्याच्या तारेला पिळ देऊन जोडणं, ही कामं तिचीच. मागावर बसायचा मात्र पुरुष, आणि साडीची मजुरी त्याच्याच हातात पडायची. बाईच्या कामाचा वेगळा हिशेब नव्हता. देशातल्या हातमागाच्या २०१९-२० च्या गणनेत सुमारे २६.७ लाख विणकर नोंदले गेले. त्यांत ७० टक्क्यांहून जास्त बायका आहेत, आणि जवळजवळ दोन-तृतीयांश विणकर कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न ५,००० रुपयांच्याही खाली आहे. हे आकडे शेजारीशेजारी ठेवून वाचा. हातमाग हा आज बायकांचा धंदा आहे आणि तो गरिबांचा धंदा आहे.

दुसरी गाठ महाजनाची, म्हणजे सूत देऊन साडी विणून घेणाऱ्या व्यापाऱ्याची. सूत त्याचं, रेशीम त्याचं, वर थोडी पेशगी (उचल). साडी विणून झाली की त्यालाच द्यायची, भाव तोच ठरवणार, पेशगी मजुरीतून वळती होणार. एखादी तार तुटली, रंगाचा पट्टा दिसला की मजुरीत कपात ठरलेलीच. विक्री मंदावली की तो सूत देणं थांबवतो. पेशगी फिटेपर्यंत दुसऱ्याचं काम घेता येत नाही, आणि घरात आजारपण आलं की ती वाढते. सगळे महाजन वाईट असतात असं नाही. कित्येकांनी मंदीच्या काळात विणकर सांभाळले आहेत. पण या व्यवस्थेत धोका नेहमी विणणाऱ्याच्या वाट्याला येतो, हे त्यातलं मूळ दुखणं.

संस्थेनं सूत आणि माग स्वतःकडे घेतले, बाईला मागावर बसायला शिकवलं आणि मजुरी तिच्या हातात दिली की ही गाठ सैल होते. साडी विकली गेली नाही तर माल संस्थेच्या कपाटात पडून राहतो, विणणारीची मजुरी अडत नाही. नफा उरला तर तो कोणा भागधारकाकडे जात नाही, विणकर कुटुंबांच्या शिक्षणावर, आरोग्यावर, घरांवर खर्च होतो. विणकरांच्या मुलांसाठी शाळा हा रेहवाच्या कामाचा जुना भाग आहे. आमच्या मते तो साडीइतकाच महत्त्वाचा आहे. आई मागावर असताना मूल कुठे आहे, हा प्रश्न सुटला नाही तर ती दिवसाला आठ तास सलग विणूच शकत नाही, आणि अडत-अडत विणलेल्या कापडात ते अडणं दिसतं. कसं, ते पुढे सांगतो.

इथे थोडं बाजूला जाऊन एक सांगायला हवं. महिला सक्षमीकरणाच्या नावाखाली सगळ्यात जास्त वाटप होतं ते शिलाई मशीनचं. तीन महिन्यांचा वर्ग, प्रमाणपत्र, मशीन, फोटो. वर्षभरानं बघावं तर मशीनवर कपड्यांचा ढीग. बायका आळशी असतात म्हणून असं होत नाही. मशीनसोबत काम येत नाही म्हणून होतं. एका गल्लीत पंधरा मशीन वाटली की फॉल-पिको आणि ब्लाऊजचं तेवढंच काम पंधरा जणींत विभागलं जातं आणि दर खाली येतो. हातमागाच्या संस्थेत शिकवणं हा कामाचा लहान भाग असतो. मोठा भाग असतो तो कच्चा माल आणणं, नक्षी ठरवणं, रंग जुळवणं, माल तपासणं आणि गिऱ्हाईक शोधणं. हा भाग संस्था स्वतः उचलते की बाईवर ढकलते, यावरून कुठल्याही संस्थेची परीक्षा करावी. रेहवा तो भाग उचलत आली आहे आणि म्हणूनच इतकी वर्षं टिकली आहे.

आता कापडाकडे येऊ.

आजची नेहमीची माहेश्वरी म्हणजे रेशमाचा ताणा आणि सुताचा बाणा (आडवे धागे). महेश्वरला तिला नीमरेशमी म्हणतात. पूर्वीची माहेश्वरी सुतीच असायची, रेशीम नंतर आलं. ताण्याचं रेशीम फार बारीक, साधारण २०/२२ डेनियरचं, म्हणजे ९,००० मीटर तार वजनाला २१ ग्रॅमच्या आसपास भरते. बाण्याला १०० किंवा १२० नंबरचं दुहेरी सूत. साडीच्या रुंदीत तीन-चार हजार तारा बसतात. ब्लाऊजपीससकट एका साडीच्या ताण्यातल्या सगळ्या तारांची मिळून लांबी धरली तर पंचवीसेक किलोमीटर रेशीम होतं, आणि त्याचं वजन मात्र मूठभर. माहेश्वरी अंगावर हवेसारखी वाटते ती यामुळे. आणि विणणारीची सत्त्वपरीक्षा होते तीही यामुळेच.

आडवे धागे मोजले तर एका साडीत धोटा (आडवा धागा नेणारी नळी) साधारण पंधरा-सोळा हजार वेळा इकडून तिकडे जातो. प्रत्येक वेळी फणी (मागाची कंगव्यासारखी चौकट) ओढून धागा ठोकायचा. नुसता हा हिशेब केला तर साडी दीड-दोन दिवसांत उतरायला हवी. प्रत्यक्षात साधी साडी तीन-चार दिवस घेते, आणि अंगभर बुट्टी किंवा पदरावर जास्त जर असेल तर आठवडा-दहा दिवस. मधला वेळ तुटलेल्या तारांत जातो. वैशाख-ज्येष्ठात निमाडची, म्हणजे महेश्वरच्या भागातली, हवा इतकी कोरडी होते की रेशीम ठिसूळ पडतं आणि तार पटापट तुटते. मग माग थांबवायचा, तुटलेलं टोक हुडकायचं, वहीच्या (तारा वर-खाली करणाऱ्या मागाच्या भागाच्या) डोळ्यातून आणि फणीच्या घरातून परत ओवायचं, गाठ मारायची. पावसाळ्यात उलटं होतं. हवेतल्या ओलीनं ताण बदलतो, आणि सकाळी ठोकलेलं कापड आणि दुपारी ठोकलेलं कापड सारखं येत नाही.

हे समजलं की साडीतला दोष आणि साडीचा स्वभाव यांतला फरक ओळखता येतो. साडी पूर्ण उलगडायला सांगा आणि खिडकीच्या उजेडासमोर धरा. ट्यूबलाइट चालत नाही. आडवी, अगदी फिकी पट्टी दिसली तर तिथे विणणारी रात्री काम थांबवून मागावरून उठली असेल किंवा माग बराच वेळ थांबला असेल. थांबल्यावर ताण सैल पडतो आणि पुन्हा सुरू करताना दोन-चार धागे थोडे वेगळे बसतात. अशी एखादी पट्टी हातमागात असायचीच. मूल रडतंय म्हणून दर अर्ध्या तासाला उठावं लागलं तर अशा पट्ट्या दहा-बारा होतात, आणि तेव्हा ती साडी दुसऱ्या प्रतीची. पट्टीतून आरपार उजेड येत असेल तर मात्र घेऊ नका, तिथे कापड सरकेल. उभी, टोकापासून टोकापर्यंत जाणारी बारीक फट म्हणजे फणीच्या एका घरात तार ओवायची राहिली. ती धुऊन भरत नाही. मागच्या बाजूला गाठी असतील तर काळजी नको, गाठी असणारच, फक्त त्या पुढच्या बाजूला आलेल्या नसाव्यात. मग पदराच्या आधीचा मीटरभर भाग नीट बघा. तिथे कांडी बदलताना सुताचा रंग किंचित बदललेला असण्याची शक्यता जास्त, आणि नेमका तोच भाग खांद्यावर येतो.

रंगासाठी पांढरा रुमाल ओला करून, घट्ट पिळून, साडीच्या आतल्या टोकावर दहा वेळा घासा. मरून, काळा आणि गडद निळा थोडा रंग सोडतातच. रुमाल नुसता गुलाबट झाला तर ठीक, पण चांगलाच रंगला तर पहिल्या धुण्यात काठाचा रंग अंगात उतरेल. फिकट अंग आणि गडद काठ अशा जोडीत ही तपासणी चुकवू नका.

पॉवरलूमची नक्कल ओळखायची एकच खूण सांगणारे बरेच भेटतात. एका खुणेवर विसंबू नका. काठाच्या कडेला पनकीच्या (विणताना कापड रुंदीत ताणून धरणाऱ्या काठीच्या) टोकांची बारीक छिद्रं ओळीनं दिसतात, ही हातमागाची खूण खरी, पण काही यंत्रमागांवरही छिद्रं पडतात. त्यापेक्षा पदराच्या दशीतली एक उभी आणि एक आडवी तार मागून घ्या आणि जाळून बघा. रेशमाला केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. सुताला कागद जळाल्याचा वास. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. स्वस्त ‘माहेश्वरी’ मध्ये ताणा बहुतेक वेळा पॉलिएस्टरचाच निघतो. सोबत हॅन्डलूम मार्कची (हातमागाच्या सरकारी खुणेची) चिठ्ठी आहे का तेही बघा.

किमतीबद्दल तक्रार नेहमी ऐकू येते की संस्थेची साडी बाजारापेक्षा महाग असते आणि तिथे घासाघीस चालत नाही. समजा साध्या साडीला विणायचे तीन दिवस आणि ताणा, जोडणी, कांड्या यांचा मिळून एक दिवस धरला. दिवसाला ३०० रुपये, जे काही फार नाहीत, धरले तरी नुसती मजुरी १,२०० रुपये होते. त्यात रेशीम, सूत, जर, रंगाई, दुकानाचा खर्च अजून आलेला नाही. म्हणून हजार-बाराशेला कोणी ‘हातमागाची नीमरेशमी’ देत असेल तर दोनच शक्यता: ती हातमागाची नाही, किंवा विणणारीला तिची मजुरी मिळालेली नाही. संस्थेच्या दुकानात घासाघीस करू नये असं आम्हाला वाटतं ते याच हिशेबामुळे. साडीत वर सांगितलेला दोष असेल तर तो दाखवून दुसरी साडी मागणं हा मात्र तुमचा हक्क आहे, आणि तो दाखवाच. चांगली संस्था त्यावर नाराज होत नाही, कारण तपासणीत सुटलेला दोष तिलाही कळायला हवा असतो.

नक्षीच्या बाबतीत रेहवाची बाजू जड आहे. जुन्या माहेश्वरीचे काठ महेश्वरच्या किल्ल्याच्या आणि घाटांच्या कोरीव कामावरून आलेले: ईंट, चटई, हिरा, लहर, चमेलीचं फूल, रुईफूल. पट्ट्यांच्या आणि चौकटींच्या जुन्या साड्यांना चंद्रतारा, बेली, परबी अशी नावं. अंग कोरं असलं की चंद्रकला. पदराला पाच पट्टे. बाजारात आता माहेश्वरीच्या नावानं चंदेरीची बुट्टी, बनारसीची जाळीदार नक्षी, डिजिटल छपाई असं सगळं येतं. तेही विकलं जातं आणि विणकराचं पोट भरतं, त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण कोरं अंग, भूमितीचा काठ आणि पाच पट्ट्यांचा पदर ही जुनी रीत शांत रंगांत हवी असेल तर ती इथेच बघावी. बुगडी किनारीची, म्हणजे दोन्ही बाजूंनी नेसता येणारी साडी मिळाली तर सोडू नका. रोज नेसणाऱ्या बाईला ती दुप्पट टिकते.

मर्यादाही आहेत. भडक लग्नाच्या रंगात, भरगच्च जरीत फारसं काही शोधू नका. त्यासाठी पैठणी आहे. माल मर्यादित असतो. मागच्या वेळी बघितलेला रंग या वेळी असेलच असं नाही, कारण त्या रंगाचा ताणा उतरून गेलेला असतो. फोटोवरून रंग ठरवणार असाल तर सावध राहा. ताण्याचा आणि बाण्याचा रंग वेगळा असला की धूपछाँव येते, कापड हलवलं की रंग बदलतो. मोबाइलच्या फोटोत त्यातला एकच रंग दिसतो.

नऊवारीचा विषय आपल्याकडे वेगळा सांगायला हवा. इंदूरच्या जुन्या घरांत सत्यनारायणाला, मंगळागौरीला, मुंजीत माहेश्वरी नऊवारी नेसायची पद्धत होती. ती परत येते आहे याचा आनंद आहे. पण तयार नऊवारी दुकानात मिळेल असं धरून जाऊ नका, ती विणून घ्यावी लागते. नऊ वार म्हणजे ८ मीटर २३ सेंटिमीटर. मागणी देताना ‘नऊवारी’ एवढंच सांगू नका, मीटरमध्ये सांगा, आणि ब्लाऊजपीस त्यात धरला आहे की वेगळा ते लिहून घ्या. पन्हाही (रुंदीही) विचारा. माहेश्वरीचा पन्हा साधारण ४६ ते ४८ इंच असतो. उंच बाईला काष्टा घालायचा तर ४६ इंचांत पाय उघडे पडतात.

मागणी देताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण गैरसमज इथेच होतात. मागावर एकदा ताणा चढवला की त्यावर आठ-दहा साड्या निघतात. ताण्याचा रंग, काठाचा रंग आणि काठाची जागा तेव्हाच ठरते. एका साडीसाठी ते बदलता येत नाही. तुम्हाला बदलता येतो तो बाण्याचा रंग, पदराचे पट्टे, बुट्टी हवी-नको आणि लांबी. म्हणून ‘काठ हिरवा आणि अंग अमुकच’ असा हट्ट धरण्यापेक्षा, सध्या मागावर कुठले ताणे चढलेले आहेत ते विचारा आणि त्यांतून निवडा. साडी लवकर मिळते, विणणारीचा खोळंबा होत नाही. काठही स्वतःच्या मनाचा हवा असेल तर बहिणी-जावांनी मिळून पूर्ण ताण्याची मागणी द्यावी. एकाच काठाच्या आठ साड्या, प्रत्येकीचं अंग वेगळं. लग्नघरासाठी याहून चांगला आहेर आम्हाला सुचत नाही.

वेळेचा अंदाजही असाच काढा. गौरी-गणपतीला हवी असेल तर वैशाखात सांगा. पावसाळा मध्ये येतो आणि रंगाईनंतर लडी वाळायला वेळ लागतो. दिवाळीच्या तोंडावर दिलेली मागणी घाईत विणली जाते, आणि घाईचं विणकाम नीमरेशमीला मानवत नाही.

महेश्वरमध्ये बायकांच्या हातांनी चालणारी दुसरी संस्था म्हणजे विमेनवीव्ह. तीही सॅली होळकर यांनीच उभी केली. तिचं कापड वेगळं. तिथल्या गुडी-मुडी प्रकल्पात ज्यांच्या घरी कधी माग नव्हता अशा गरीब घरांतल्या बायकाही चरख्यावर सूत काततात आणि त्या सुताची खादी विणली जाते. सूत जाडसर, हाताला खरखरीत, पण धुण्यागणिक मऊ होणारं. दुपट्टे, स्टोल, कुर्त्याचं कापड यासाठी तिकडे जा. जरीची साडी हवी असेल तर रेहवा. तरुण विणकरांना नक्षीकाम आणि व्यवहार शिकवणारी हॅन्डलूम स्कूलही त्याच कामातून निघाली आहे. आमच्या दृष्टीनं ती फार मोलाची आहे, कारण विणकराच्या मुलाला स्वतः गिऱ्हाईकाशी बोलता आलं की महाजनाची गरजच कमी होते.

साडी न घेता नुसती मदत करायची असेल तर तेही करा, पण कशासाठी ते विचारून. ‘गरीब महिलांसाठी’ म्हणून दिलेला पैसा कुठेही जिरतो. एका मुलीचा वर्षाचा शाळेचा खर्च, एका मागाची दुरुस्ती, डोळ्यांची तपासणी असं नेमकं काम विचारा. डोळ्यांचं आम्ही मुद्दाम सांगतो. चाळिशी ओलांडली की इतकी बारीक रेशमी तार दिसेनाशी होते आणि चष्मा मिळाला नाही तर पट्टीची विणकर बाई कांड्या भरण्यावर येते, म्हणजे निम्म्याहून कमी मिळकतीवर. एका चष्म्यानं तिची कामाची दहा-पंधरा वर्षं वाचतात. पैसे खात्यातूनच द्या आणि पावती घ्या. जुनी सिंथेटिक साड्यांची गाठोडी मात्र संस्थेच्या दारात नेऊन ठेवू नका. तिथे कापड विणलं जातं, तिथे त्याचा काही उपयोग नाही.

जायचं कसं? इंदूरहून महेश्वर नव्वद किलोमीटरच्या आसपास. महू, मानपूर, घाट उतरून धामनोद, हा हमरस्ता. दुसरा महूवरून जाम दरवाज्यानं मंडलेश्वर, तो जास्त देखणा, पण पावसात आणि अंधारात घाट जपून. पोहोचताना उन्हाच्या आधी पोहोचा. दुपारी किल्ल्यात रंग नीट दिसतात, पण माणूस थकलेला असतो आणि थकलेलं गिऱ्हाईक पहिलीच साडी बांधून घेतं. सुट्टीच्या दिवशी माग बंद असतात, म्हणून विणकाम बघायचं असेल तर आधी फोन करून विचारा. मागावर बसलेल्या बाईचा फोटो तिला विचारल्याशिवाय काढू नका. ताण्याला हात तर अजिबात लावू नका. बोटातल्या अंगठीला एक तार अडकली तरी तिची अर्ध्या तासाची मजुरी जाते.

घरी आणल्यावर फॉल लावायच्या आधी फॉलची पट्टी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. माहेश्वरीचा काठ चुणला जातो तो साडी आटल्यामुळे नव्हे, न भिजवलेला सुती फॉल आटल्यामुळे. पहिली दोन धुणी ड्रायक्लीनला द्या. नंतर गार पाण्यात, रिठ्यानं किंवा सौम्य साबणानं, एकटी धुवा. भिजत घालू नका, पिळू नका, सावलीत आडवी वाळवा. खळ अगदी पातळ. दाट खळ घातली की घडीवर रेशमाची तार मोडते आणि दोन वर्षांत घडीच्या रेषेत साडी विरते. जरीवर सुती कापड ठेवून इस्त्री करा. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, कडुनिंबाची वाळलेली पानं मलमलच्या पुरचुंडीत बांधून ठेवा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी साडी उलगडून घडीची जागा बदला.